नातेवाईक नेमणारे नाना

मी त्या घरात गेले तेव्हा आठ वर्षांची होते आणि मला नातेवाईक नव्हते. म्हणजे होते, उजनीच्या पाण्याकाठी ऊस-केळीत राहत होते, पण मला ठेवून घ्यायला त्यांच्याकडं जागा नव्हती. आई-वडील एकाच वर्षात गेले. त्यावर मी इथं काही लिहिणार नाही. लिहायचंय ते नानांवर. तर त्या घरात गेल्यावर पंधरा दिवसांच्या आत नानांनी मला एक मामा, एक मावशी आणि एक आत्या मिळवून दिली. त्यातली मावशी दोन महिन्यांत बडतर्फ झाली. कारण मला बघितलं की ती डोळ्यांना पदर लावायची.

"रडणारं माणूस आपल्या कामाचं न्हाय," नाना म्हणाले. "पोरगी दप्तर घेऊन शाळंला निघाली आन् हिला रडू येतंय. शाळंला निघालीय का सासरी?"

घर सोलापुरातच, साध्या वस्तीत. चालवायची एक संस्था, पण बाहेर संस्थेची पाटी नव्हती. नानांनी लावूच दिली नाही. घराला पाटी आडनावाची असते, कामाची पाटी दुकानाला असते, असं त्यांचं म्हणणं. आम्ही नऊ पोरं, नाना आणि काकी. काकी म्हणजे नानांची बायको. त्या दोघांना स्वतःचं मूल नव्हतं. कुणी त्याबद्दल हळहळायला लागलं की नाना "गाडी फुल्ल हाय आमची" म्हणून विषय बंद करायचे.

नाना एसटीतले रिटायर कंडक्टर. उभा जन्म सोलापूर-अक्कलकोट रस्त्यावर गेलेला. 'पुढं सरका' हे त्यांना मराठीत, कानडीत आणि तेलुगूत म्हणता यायचं, आणि तिन्ही भाषांत तितक्याच जोरात. रिटायर होऊन वर्षं झाली तरी खाकी पँट सुटली नव्हती. घरात स्वयंपाकघरापासून ओसरीपर्यंत दोरी ताणलेली होती आणि टोकाला घंटी. एक टोल म्हणजे थांबा, दोन टोल म्हणजे चला. आमची भांडणं एका टोलावर थांबायची आणि शाळेकडं आमची गाडी दोन टोलांवर सुटायची. काकी मात्र त्या घंटीला मोजत नसत. नानांनी जेवायला दोन टोल दिले की त्या आतून म्हणायच्या, "डायव्हरचं अजून पीठ मळायचं चाललंय. गप बसा."

आता नातेवाईकांचं सांगते.

नानांचं एक ठाम मत होतं. अनाथ पोराला अन्न मिळतं, कपडा मिळतो, शाळा मिळते. मिळत नाही ती चुलती. "कपडे घेऊन धा माणसं येत्यात," ते म्हणायचे. "पर 'ह्यो रंग तुला शोभत न्हाय, काढ' म्हणायला कोण येतंय? त्याला नातेवाईक लागतंय." म्हणून ते देणगीदार शोधत नसत, नातेवाईक शोधत. आणि शोधायचे कुठं, तर आठवणीत. एवढ्या वर्षांत त्यांच्या गाडीत जी माणसं चढली-उतरली, त्यांतली निवडक माणसं त्यांनी डोक्यात जपून ठेवली होती. एसटीत माणूस खरं वागतं, हा त्यांचा सिद्धान्त. देवळात वागत नाही, लग्नात वागत नाही, कचेरीत तर नाहीच. पण गर्दीच्या गाडीत खिडकीची जागा मिळाली की माणसाचं खरं रूप बाहेर पडतं.

माझ्या मामाची निवड त्यांनी कशी केली, तर तो माणूस उलटी होणाऱ्या अनोळखी पोराला मांडीवर घेऊन खिडकीशी बसला होता आणि नंतर त्या पोराच्या बापाला "सकाळी वडापाव चारतंय का कोण?" म्हणून झापत होता. मांडीवर घेतलं त्याचे अर्धे गुण. झापलं त्याचे पूर्ण.

असं माणूस ठरलं की नाना टॉवेल-टोपी किंवा खण-नारळ घेऊन त्याच्या दारात जायचे. समोरच्याला वाटायचं, वर्गणी मागायला आलेत.

"पैसं नकोत," नाना म्हणायचे. "तुमी ह्या पोरीचं मामा व्हायचं. काम सांगतो. वर्षातनं दोन येळा घरी न्यायचं. शाळंच्या पालकसभेला जायचं. चुकली तर बोलायचं. आन् कधीमधी रुसायचं."

"रुसायचं कशाला?"

"न रुसणारा मामा बघितलाय का कुटं?"

बरीच माणसं दार लावून घ्यायची. पण एखादं माणूस हसायचं आणि म्हणायचं, "पाणी तर घ्या आधी." ते माणूस नातेवाईक व्हायचं.

वाढदिवस करायला येणाऱ्या लोकांचं आणि नानांचं कधी जमलं नाही. एकदा टॉवेलच्या कारखान्याचे एक मालक केक, फुगे आणि फोटोवाला घेऊन आले. वाढदिवस त्यांचा स्वतःचा. आम्हा पोरांना रांगेत उभं करून केक भरवणार, तेवढ्यात ओसरीवर एक टोल पडला. सगळी पोरं जागच्या जागी थांबली. आम्हाला सवयच होती. मालकही थांबले, हातात केकचा तुकडा तसाच.

"केक खाऊ द्या हो नाना," काकी आतून म्हणाल्या.

"खाऊ द्यात की. मी इचारतोय एवढंच. साहेब, पुढल्या गुरुवारी साडेअकराला काय करताय?"

मालक गोंधळले. "का?"

"ह्या पोराची पालकसभा हाय. गणितात दुसऱ्यांदा नापास. बाई वरडणार हायत. कुणीतरी वरडून घ्यायला पाहिजे."

फोटोवाला हसला. मालक हसले नाहीत. आम्हाला वाटलं, हे काही परत येत नाहीत. पण गुरुवारी ते गेले. चांगली इस्त्रीची सफारी घालून गेले आणि शाळेच्या बाईंनी त्यांना पोरांच्या बाकड्यावर बसवून वीस मिनिटं झापलं. "घरात लक्ष देता का नाही तुम्ही?" असं विचारलं. कारखान्यात दोनशे माणसांना बोलणारा माणूस मान खाली घालून "देतो बाई, देतो" म्हणत बाहेर आला आणि तडक आमच्या घरी येऊन त्या पोराला म्हणाला, "तुझ्यामुळं ऐकून घ्यावं लागलं मला. आण वही." तेव्हापासून ते त्याचे काका. केक परत कधी आणला नाही. पाढे घेतात, अजूनही.

मोबाइल आल्यावर नानांनी सगळ्या नातेवाईकांचा एक ग्रुप काढला. त्यावर सकाळी सकाळी गुलाबाची फुलं आणि सुविचार यायला लागले. नानांनी ताकीद दिली. फुलं पाठवायची नाहीत, तक्रारी पाठवायच्या. 'तुमचा पोरगा फोन उचलत नाही', 'पोरगी आली आणि नुसती टीव्ही बघून गेली', असं आलं की नाना चष्मा लावून दोनदा वाचायचे आणि काकींना वाचून दाखवायचे. चेहऱ्यावर असा आनंद, जसा दुसऱ्या घरात पोराच्या निकालाला असतो.

आणि आमच्या सगळ्यांत थोरल्या ताईच्या लग्नात तर कमाल झाली. साडी निवडताना विचारलं नाही म्हणून ताईची नेमलेली मावशी ऐन हळदीच्या दिवशी रुसून घरी निघून गेली. मंडपात सगळ्यांचे चेहरे पडले. नाना खुर्चीतून उठले, टोपी सारखी केली आणि म्हणाले, "मावशी रुसली. आता कुटं कार्य सुरू झाल्यासारखं वाटतंय." आणि समजूत काढायला बॅंडवाल्यांना घेऊन गेले.

हे सगळं ऐकून लोक हसतात. मीही हसत सांगते. पण माझ्यावर वेळ आली तेव्हा हसू आलं नव्हतं.

माझी आत्या सोलापूरजवळच्या कुंभारीची. कामगारांच्या वसाहतीत राहणारी, तेलुगू घरातली, विड्या वळणारी बाई. नानांच्या गाडीत ती रोज शहरात यायची. डोक्यावर ओझं असलं तरी उभी राहायची आणि आपली जागा शाळेच्या पोरींना द्यायची, पण एका अटीवर. "अब्यास करणार असाल तर बसा, न्हाईतर उठा." पोरी वही काढायच्या. एखादी खिडकीतून बघायला लागली की आत्या तिला खरंच उठवायची. पुस्तकवेडी पोरगी घरात आल्यावर नाना सरळ हिच्या दारात गेले, यात नवल नाही.

दिवाळी आणि मे महिना मी तिच्याकडं काढायचे. ती मांडीवर सूप घेऊन विड्या वळायची आणि मी समोर पुस्तक घेऊन बसायचे. मी थांबले की तीही हात थांबवून बघायची. बोलायची फार नाही. केसांना तेल मात्र असं चोळायची की डोकं दोन दिवस दुखावं.

बारावीच्या सुरुवातीलाच पालकसभा होती. मी वर्गात पहिली. मला कॉलेजात जायचं होतं, आमच्या मूळ घरात आणि ह्या घरातही तिथवर पोचणारी मी पहिलीच असणार होते, आणि ही गोष्ट मी कुणाला विसरू देत नव्हते. सरांनी आत्याला सगळ्यांसमोर विचारलं, "घरी अभ्यास कसा करते हो?"

"अब्यास लई करती," आत्या म्हणाली. "पर जेवलेलं ताट उचलत न्हाई. आन् दिवाळीत केसात उवा झाल्या होत्या, दोन दुपारी बसून मी काढल्या. तवाबी पुस्तक सोडलं न्हाई."

सगळा वर्ग हसला. सर हसले. पालक हसले. मी उभी राहिले आणि म्हणाले, "तुम्हाला कुणी विचारलं उवांचं? तुम्ही काय खऱ्या आत्या आहात? तुम्हाला नानांनी नेमलंय."

आत्यानं माझ्याकडं बघितलं. पिशवी उचलली आणि गेली. पुढच्या दिवाळीला बोलावणं आलं नाही.

नानांना कळलं तेव्हा मला वाटलं, आता एक टोल पडणार आणि आपली वरात निघणार. नानांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "तिनं मला फोन करून 'मला हे जमायचं न्हाय' म्हणून सांगितलं का?"

"नाही."

"मंग रुसलीय. नेमलेलं माणूस राजीनामा देतंय, रुसत न्हाय. बरं झालं. पक्की आत्या झाली."

"मग तुम्ही तिला समजवा की."

"आत्या-भाचीच्या मधी कंडक्टरनं पडू नये," असं म्हणून ते अंघोळीला गेले.

मी गेले नाही. अभिमान नावाची गोष्ट माझ्याकडं गरजेपेक्षा जास्त होती. बारावी झाली, बी.एस्सी.ला प्रवेश घेतला, आणि पहिलं वर्ष अर्ध्यावर आलं तेव्हा मला अठरा पूर्ण झाली.

आमच्यासारख्या घरात अठरावा वाढदिवस कुणी नाचत करत नाही. अठरा झाली की घर सोडायचं, असा सरकारी नियम. पुढची सोय होती, पण ती दुसऱ्या जिल्ह्यातल्या वसतिगृहात. म्हणजे माझं कॉलेज सुटणार. वर्ष तर जाणारच, पण मी स्वतःला ओळखून होते, एकदा सुटलं तर परत धरायला मी जाईनच असं नव्हतं. आमच्यातल्या दोघांचं शिक्षण बारावीतच तसं सुटलं होतं. ते आज चांगलं कमावतात, पण कॉलेजचा विषय निघाला की उठून बाहेर जातात. सोलापुरात किंवा जवळपास कुणी नातेवाईक ठेवून घेत असेल तर हरकत नाही, फक्त घरी येऊन चौकशी होईल, असं बालकल्याणच्या ऑफिसातून सांगण्यात आलं. मामाची बदली झाली होती. मावशी तर केव्हाच बडतर्फ.

मी नानांकडं गेले आणि जे बोलले ते आठवून आजही कान गरम होतात. मी म्हणाले, "नाना, मला दुसरी आत्या नेमा."

नाना वाल सोलत बसले होते. त्यांनी शेंग खाली ठेवली.

"दुसरी?"

"शहरातली बघा. कॉलेजजवळची. तुमच्याकडं माणसं आहेत की."

"माणसं लई हायत," नाना म्हणाले. "कॉलेजच्या समोरच एक हाय, गाडीत कधी कुणाला धक्का न लावणारी. पर तुला एक आत्या हाय. आत्या बदलून मिळत न्हाय."

"ती बोलत नाही माझ्याशी."

"तू बोलतीस का?"

काकी आतून म्हणाल्या, "उद्या जा घेऊन तिला. पोरगी लई शिकली म्हणून तोंड विसरली."

दुसऱ्या दिवशी दुपारी नाना आणि मी अक्कलकोटच्या गाडीत बसलो. कंडक्टर तरुण होता. नानांनी त्याला दोन वेळा 'मागचं तिकीट बघा' आणि एकदा 'दार लावा आधी' सांगितलं. तो चिडायच्या बेतात होता, मग खाकी पँट बघून त्यानं ओळखलं आणि सरकून जागा दिली. नाना सगळ्या रस्त्यानं गाडीतल्या माणसांकडं टक लावून बघत होते. मला कळत होतं, पुढच्या पोरांसाठी मामा-मावश्या शोधणं चाललंय.

कुंभारी आली. मी उतरले. मागं वळून बघते तर नाना जागेवरच.

"उतरा की नाना."

"मी कशाला? मला अक्कलकोटला काम हाय," नाना म्हणाले आणि वरची दोरी दोनदा ओढली. त्यांना अक्कलकोटला काही काम नव्हतं. गाडी गेली आणि मी धुळीत उभी.

वसाहतीतली घरं सगळी सारखी. दीड वर्षात दारांचे रंग बदललेले. मी दोन चुकीच्या दारांत डोकावले. तिसऱ्या दारात आत्या बसली होती, मांडीवर सूप. तिनं मान वर केली नाही.

"कोण?"

"मी."

"मी म्हंजे?"

"भाची."

"माझी भाची कॉलेजात हाय. तिला येळ न्हाई हितं यायला."

मी उंबऱ्याबाहेरच उभी. पानं कापायची कात्री चालू होती. मग ती म्हणाली, "माफी मागायला आलीस का राहायला आलीस?"

मला खोटं बोलता आलं असतं. सगळ्यांनी तेच केलं असतं. पण आठव्या वर्षापासून मी नानांच्या घरात वाढलेली. मी म्हणाले, "राहायला. माफीचं वाटेत ठरवलं होतं, पण आता तोंडातनं निघत नाही."

आत्याची कात्री थांबली. "निघणार कसं. आधी बोलताना बी इचार केला न्हाईस, आता बी न्हाई." मग सूप बाजूला ठेवून तिनं पावणेदोन तास मला बोलून घेतलं. सगळ्या सभेसमोर कसं बोललीस, फोन का केला नाहीस, बारावीचा निकाल मला गल्लीतल्या पोरांकडनं कळला, आणि केस बघ, काय अवतार केलाय. शेजारच्या बायका दारात येऊन ऐकत होत्या. शेवटी ती म्हणाली, "जेवलीस का?" मी जेवले. आणि जेवून झाल्यावर ताट उचलून मोरीत नेऊन घासलं. आत्यानं बघितलं आणि सूप परत मांडीवर घेतलं. कौतुक करायची तिला सवय नाही.

मग घरचौकशी. ऑफिसातले साहेब आले, भले माणूस होते. नानाही आले होते, कारण संस्थेतर्फे त्यांना यावं लागायचं. आयुष्यात पहिल्यांदा ते कोपऱ्यात गप्प बसलेले मी बघितले. साहेबांनी खोली बघितली, माझी पत्र्याची पेटी बघितली, वर मांडलेली पुस्तकं बघितली. मग कागद काढला.

"नातं काय लिहू?"

"आत्या," आत्या म्हणाली. हात चालूच होते.

"मुलीच्या वडिलांच्या सख्ख्या बहीण का तुम्ही?"

"न्हाई."

"चुलत?"

"न्हाई."

साहेबांनी पेन थांबवलं. नाना छताकडं बघत होते. आत्यानं विडीला दोरा बांधला आणि मग पहिल्यांदा साहेबांकडं बघितलं.

"साहेब, दीड वर्स ही माझ्याशी बोलली न्हाई. मी बी बोलले न्हाई. दिवाळीला हिच्या वाटणीचं डब्यात काढून ठिवलं, पर बोलावलं न्हाई. मुंग्या लागल्या, टाकून दिलं. परक्या माणसाशी एवढा अबोला धरतंय का कोण?"

साहेब नानांकडं वळले. "तुम्ही सांगा. हे नातं तुम्हीच जमवलंत ना?"

"मला कशाला इचारता?" नाना म्हणाले. "घरातलं हाय त्यांचं. मी भायरचा माणूस."

साहेबांनी खाली बघून काहीतरी लिहिलं. मी वाकून वाचलं. 'आत्या' लिहिलं होतं, पुढं कंस नाही, काही नाही.

त्या घरात राहून मी बी.एस्सी. झाले. रसायनशास्त्र, पहिला वर्ग. हे मी भेटेल त्याला सांगते.

त्या दिवशी साहेब गेल्यावर आत्यानं मला चहा टाकायला लावला. नानांना खुर्ची दिली, आणि चहा कपबशीतून. आमच्या घरी ते स्टीलच्या पेल्यात घ्यायचे, भुरके मारत, घंटीच्या दोरीखाली बसून. इथं खुर्चीच्या कडेवर बसून, बशी गुडघ्यावर धरून, आवाज न करता प्यायले. कप रिकामा झाल्यावर कुठं ठेवायचा ते त्यांना कळेना. मी हात पुढं केला, तेव्हा दिला. मग उठले, पँट झटकली, दारापर्यंत गेले आणि थांबले. मला वाटलं काहीतरी सांगायचंय, अभ्यासाचं किंवा ताटाचं. पण ते फक्त "येतो मी" म्हणाले आणि चपला घालूनही हलेनात. पाहुणा थांबतो तसे थांबले होते. आत्या आतून बघत होती. मग माझ्या लक्षात आलं, ते कशाची वाट बघतायत.

"या, नाना," मी म्हणाले.

मग ते गेले.